साखर आणि बीपीसाठी दांडिया बाजारातलं आयुर्वेद चिकित्सालय: आमचा अनुभव

बडोद्याच्या दांडिया बाजारात मोठ्या रस्त्यावरून आत शिरणाऱ्या एका बोळात, जुन्या लाकडी वाड्याच्या तळमजल्यावर हा दवाखाना आहे. पाटीवर नुसतं 'आयुर्वेद चिकित्सालय' लिहिलंय, वर गुजरातीत आणि खाली मराठीत. वैद्यबाई जामनगरला शिकलेल्या, पंचेचाळिशीच्या आसपासच्या. माहेर बडोद्याचंच, त्यामुळे आमच्याशी मराठीत बोलता बोलता दारातल्या पेशंटला गुजरातीत 'बेसो ने' म्हणतात. आम्ही दोघंही त्यांच्याकडे जातो. यांना जुना मधुमेह, मला बीपी आणि काठावरची साखर. भजनी मंडळात, सोसायटीत, लग्नकार्यात कोणी ना कोणी विचारतंच की कुठे जाता, फरक पडतो का. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहिते.

आधी निकाल सांगते. जरूर जावं. फक्त 'ॲलोपॅथीच्या गोळ्या सुटतील' या आशेने जाऊ नये, कारण तसं आश्वासन तिथे मिळणार नाही. पहिल्याच दिवशी यांनी विचारलं होतं, "ताई, गोळ्या कधी बंद होतील?" त्यावर उत्तर आलं, "काका, ते तुमचे फिजिशियन रिपोर्ट बघून ठरवतील. मी बंद करणार नाही आणि तुम्हीही करायच्या नाहीत." एवढ्या उत्तरावरच माझा विश्वास बसला.

मी वीज मंडळाच्या लेखा विभागातून निवृत्त झाले. आयुष्य व्हाउचरं तपासण्यात गेलं, त्यामुळे कुठेही गेले तरी माझी नजर आधी कागदावर जाते. आणि या दवाखान्याचं मोठेपण माझ्या मते तिथल्या कागदातच आहे. वैद्यबाई देतात त्या चिठ्ठीवर मधोमध एक उभी रेघ असते. डाव्या बाजूला चालू असलेल्या ॲलोपॅथीच्या गोळ्या, नाव आणि मिलिग्रॅमसकट. त्याखाली 'बदल फक्त फिजिशियनच्या सल्ल्याने'. उजव्या बाजूला त्यांचं औषध. चूर्ण असेल तर त्यात काय काय आहे आणि किती प्रमाणात, कधी घ्यायचं, कशाबरोबर घ्यायचं, किती दिवसांनी थांबवायचं. शेवटच्या ओळीत काय झालं तर औषध लगेच बंद करून फोन करायचा. अक्षर असं की माझ्या नातवालाही वाचता यावं. एक प्रत आपल्याला, एक त्यांच्या फाइलला, आणि तिसरी त्या आवर्जून देतात ती आपल्या डॉक्टरांना दाखवायला.

हे किती दुर्मीळ आहे ते बाकी ठिकाणी गेल्यावर कळतं. इथे येण्याआधी यांना त्यांच्या मित्राने शहरातल्याच दुसऱ्या एका ठिकाणी नेलं होतं. तिथे महिनाभराच्या पुड्या मिळाल्या, वर्तमानपत्राच्या चतकोर तुकड्यात बांधलेल्या, करड्या रंगाच्या. 'यात काय आहे?' असं विचारल्यावर 'खानदानी नुस्खा छे' एवढंच उत्तर. त्या पुड्यांनी साखर झपाट्याने उतरायला लागली तेव्हा हे खूश होते आणि मी घाबरले. लेबल नसलेल्या पुड्यांमध्ये ॲलोपॅथीचीच साखर उतरवणारी औषधं किंवा स्टिरॉइड मिसळलेली सापडल्याची प्रकरणं आपल्या देशात झालेली आहेत. आमच्या पुडीत काय होतं ते मला माहीत नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. मी त्या सगळ्या पुड्या बाजूला काढून ठेवल्या आणि यांना पुन्हा तिकडे जाऊ दिलं नाही.

इथे कायद्याची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण बहुतेकांना ती ठाऊक नसते. बाजारात विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधाला १९४० च्या औषध कायद्याखाली परवाना लागतो. डबीवर घटक, बॅच नंबर, लायसन नंबर, तयार केल्याची तारीख छापावी लागते. पण वैद्याने स्वतःच्या रुग्णासाठी स्वतः तयार केलेल्या औषधाला या परवान्यातून सूट आहे. म्हणजे पुडी देणं बेकायदा नाही. म्हणूनच पुडीबरोबर तिच्यातलं सगळं लिहून देणारा वैद्य शोधणं ही आपली जबाबदारी उरते. 'मधुमेह हमखास बरा' अशी जाहिरात करायला मात्र १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. त्या यादीत मधुमेहही आहे आणि रक्तदाबही. तरी भिंतींवर, रिक्षांच्या पाठीमागे अशा जाहिराती दिसतात. त्या दिसल्या की ते दुकान टाळावं, असं मी स्पष्ट सांगते.

वैद्यबाई बहुतेक औषधं परवानाधारक कंपन्यांचीच लिहितात आणि डबीचं सील आपल्यासमोर फोडतात. स्वतः तयार करतात ती फक्त साधी वनस्पतींची चूर्णं. पारा, शिसं, सोमल (आर्सेनिक) यांच्या भस्मांची औषधं त्यांनी आम्हाला कधीच दिली नाहीत. त्याबद्दल मी खोदून विचारलं तेव्हा त्यांनी काही लपवलं नाही. २००८ साली अमेरिकेत इंटरनेटवरून विकली जाणारी आयुर्वेदिक औषधं तपासली गेली, आणि सुमारे एकपंचमांश औषधांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. त्यांनी हे स्वतः सांगितलं आणि म्हणाल्या, "काकू, रसौषधी हा आमच्या शास्त्राचा मोठा भाग आहे, मी तो नाकारत नाही. पण काकांच्या मूत्रपिंडावर आधीच साखरेचा भार आहे, तिथे मी धातूंची औषधं देणार नाही." म्हणूनच क्रिएटिनिन आणि लघवीतल्या अल्ब्युमिनचा रिपोर्ट हातात येईपर्यंत त्यांनी यांना एकही औषध सुरू केलं नाही. डोळ्यांचा पडदा तपासून आणायला सांगितलं ते वेगळं.

पहिल्या भेटीबद्दल लिहिते. नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोट दाबून पाहिलं, कमरेचा घेर टेपने मोजला. मग यांना सपाता काढायला लावून तळवे आणि बोटांच्या बेचक्या निरखून पाहिल्या, जखम आहे का, भेग आहे का, बधिरपणा कुठे आहे. इतकी वर्षं मधुमेह असून यांचे पाय असे कोणी पाहिले नव्हते. त्यानंतर प्रश्न सुरू झाले, आणि ते बरेच लांबले. दुपारी झोपता का, किती वेळ? रात्रीचं जेवण किती वाजता? जेवल्यावर किती वेळाने आडवे होता? घरात सोमवारपासून रविवारपर्यंत काय शिजतं?

या शेवटच्या प्रश्नाने आमचं बडोद्याचं मराठी घर उघडं पडलं. आमच्या वरणात गूळ, आमटीत गूळ, वांग्याच्या भाजीतही चिमूटभर गूळ. बाटलीत छुंदा आणि गोळकेरी ही कैरीची गोड लोणची बारा महिने. रविवारी सकाळी फाफडा-जलेबी, नाहीतर तर्रीदार सेव-उसळ. चारच्या चहाबरोबर फरसाण. रात्रीचं जेवण मालिका संपल्यावर, म्हणजे साडेनऊला किंवा त्याहून उशिरा, आणि त्यावर यांना गोड हवंच. हे म्हणाले, "पण ताई, आम्ही साखर कुठे खातो? गूळ तर आयुर्वेदातच सांगितलाय." त्यावर त्यांनी चरकाने प्रमेहाची, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या विकारांची, जी कारणं दिली आहेत ती सांगितली. सुखाने बसून राहणं, सुखाने झोपणं, दही, दूध, नवं धान्य, आणि गुळापासून बनवलेलं सगळं. हे बराच वेळ गप्प होते. गूळ साखरेइतकाच रक्तात साखर वाढवतो हे डॉक्टर इतकी वर्षं सांगत होतेच, पण चरकाचं नाव आल्यावर ते यांच्या मनाला लागलं. मला यात काही गैर वाटत नाही. आपल्या माणसाला ज्याच्या तोंडून पटतं त्याच्या तोंडून ऐकवावं.

छापील डाएट चार्ट मिळाला नाही, आणि तेच बरं झालं. रात्रीचं जेवण साडेसातला. दही रोज नाही. दुपारी पातळ ताक चालेल. गव्हाच्या दोन पोळ्यांऐवजी एक पोळी आणि जवाची एक भाकरी. जव आम्ही हाथीखान्याच्या बाजारातून आणतो आणि गिरणीवर वेगळे दळून घेतो. नुसत्या जवाची भाकरी थापताना तुटते, त्यात निम्मं ज्वारीचं पीठ घातलं की जमते. मेथीची ढेबरी चालतील, पण पिठात गूळ घालायचा नाही आणि तेल मोजून. सेव-उसळ महिन्यातून एकदा, पाव अर्धा. एकदाही 'हे आयुष्यात परत खायचं नाही' असं त्या म्हणाल्या नाहीत. चालणं मात्र रोजचं ठरलं. आम्ही पहाटे कमाटीबागेत जातो, आणि रात्री जेवणानंतर सुरसागर तलावाला एक फेरी मारतो. जेवल्यावरच्या त्या फेरीने जेवणानंतरची साखर किती उतरते ते यांनी ग्लुकोमीटरवर स्वतः पाहिलं, तेव्हापासून मला सांगावं लागत नाही.

दिरांची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. आमचं पाहून धाकटे दीरही जवाची भाकरी आणि लवकरचं हलकं जेवण असं सुरू करणार होते. साखर त्यांनाही आहे, पण अंगाने ते अगदी काटकुळे. वैद्यबाईंनी त्यांना स्पष्ट सांगितलं की हा कागद तुमचा नाही. चरकाने प्रमेहाचे रोगी दोन प्रकारचे मानले आहेत, एक अंगाने स्थूल आणि ताकदवान, दुसरा कृश आणि दुर्बळ. पहिल्याचं शोधन करायचं, म्हणजे शरीर साफ करायचं, दुसऱ्याला पोसायचं. दिरांना उलट मूग, तूप, पनीर वाढवायला सांगितलं आणि वजन का उतरतंय हे तपासायला थेट फिजिशियनकडे पाठवलं. तिथे त्यांना इन्सुलिन सुरू झालं आणि वजन सावरलं. एक वैद्य आपला पेशंट इन्सुलिनसाठी दुसरीकडे पाठवतो, हे मी तरी पहिल्यांदा पाहिलं.

आता औषधांकडे येते. यांना हळद आणि आवळ्याचं चूर्ण आहे, निशा-आमलकी म्हणतात ते. वाग्भटाने प्रमेहावर हीच जोडी श्रेष्ठ म्हणून सांगितली आहे. चव तुरट-कडू, पण पाण्याबरोबर उतरून जाते. दुसरं गुडमार. आमच्यासमोर त्यांनी गुडमारचं एक पान यांना चावायला दिलं, चूळ भरायला लावली आणि जिभेवर साखर ठेवली. यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. साखर अगदी वाळूसारखी लागली, गोडवा म्हणून नाहीच. मीही करून पाहिलं. पानातले घटक जिभेवरची गोड चव काही वेळ बंद करतात. अर्ध्या तासाच्या आसपास हा परिणाम राहतो. रात्री जेवणानंतर यांना गोड लागतं, त्या वेळेसाठी त्यांनी पान चावायला सांगितलं. पेढ्याला चवच नाही म्हटल्यावर डबा उघडायचं कारण उरत नाही. पानं कुंडीतून देतात. वेल आमच्याही गॅलरीत आता छान पसरली आहे.

गुडमारचं चूर्णही दिलं होतं, आणि त्याच्याबद्दलच इशारा चिठ्ठीच्या शेवटच्या ओळीत होता: चालू गोळीबरोबर साखर जास्त उतरू शकते. यांना मेटफॉर्मिनसोबत ग्लिमेपिराइड चालू आहे, आणि ग्लिमेपिराइड जेवण लांबलं की साखर फार खाली नेऊ शकतं. तसंच झालं. एका लग्नात पंगत उशिरा बसली. यांना घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं तुटक झालं. पर्समध्ये ग्लुकोमीटर होता, साखर ६४. चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, मग जेवायला वाढायला लावलं. फोन केला तर पहिल्याच रिंगला वैद्यबाईंनी उचलला. म्हणाल्या, गुडमारचं चूर्ण आत्तापासून बंद, आणि आजच्या आज फिजिशियनना भेटा. फिजिशियनने ग्लिमेपिराइड निम्मं केलं. चूर्ण पुढे पुन्हा सुरू झालं ते कमी मात्रेत आणि दोघांच्या संमतीने. त्या दिवशी डाव्या-उजव्या रेघेच्या कागदाची किंमत आमच्या सगळ्या नातेवाइकांना दिसली. पंगतीतल्या एकाने तो कागद मोबाइलवर फोटो काढून नेला.

विजयसारच्या लाकडी पेल्याबद्दल खूप लोक विचारतात. रात्री त्यात पाणी भरून ठेवायचं, सकाळी रंग उतरलेलं पाणी प्यायचं. यांच्याकडे एका जत्रेतून घेतलेला होता. वैद्यबाई म्हणाल्या, लाकूड खरंच बिबळ्याचं, म्हणजे विजयसारचं असेल तर प्यायला हरकत नाही, पण हिशेबात धरू नका. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने विजयसारवर चाचणी केली होती, तिचे निष्कर्ष १९९८ मध्ये छापून आले. पण ती नव्याने निदान झालेल्या रुग्णांवर होती आणि त्यात मात्रा मोजून अर्क दिला होता. पेल्यातून रोज किती उतरतं ते कोणी मोजत नाही, आणि पेला जुना झाला की उतरणंही कमी होतं. आमचा पेला आता कपाटात आहे.

माझं बीपी. मी गाणं शिकते, घशासाठी ज्येष्ठमधाची काडी तोंडात धरायची सवय लहानपणापासूनची. बाकी सगळं विचारून झाल्यावर त्यांनी अचानक विचारलं, "काकू, ज्येष्ठमध खाता का?" मी हो म्हटलं आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. ज्येष्ठमधातला एक घटक शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतो, पोटॅशियम घालवतो, आणि बीपी वाढवतो. काड्या त्या दिवसापासून बंद. आयुर्वेदाच्या दवाखान्यात जाऊन मला मिळालेला पहिला उपचार म्हणजे एक आयुर्वेदिक वनस्पती सोडणं. घशासाठी आता मी कोमट पाणी आणि चिमूटभर हळद घेते.

मग मीठ. दिवसाला माणशी पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा, सगळं धरून. त्या 'सगळं धरून'मध्ये आमचे पापड, लोणचं, खाखरे, ढोकळ्यावरचं फोडणीचं पाणी, फरसाण, सगळं आलं. पापडखाराचे पापड तर दुहेरी. मी आठवडाभर घरातल्या मिठाचा हिशेब मांडला तेव्हा लक्षात आलं की वरून घालतो त्यापेक्षा डब्यातून येतं तेच जास्त.

सर्पगंधाबद्दल मीच विचारलं होतं. कोणीतरी सांगितलं होतं की बीपीवर रामबाण आहे. त्यांनी ती दिली नाही, आणि कारण समजावून सांगितलं. सर्पगंधा खरंच काम करते. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिच्यावर लेख लिहिला, तेव्हा जगभरच्या डॉक्टरांचं लक्ष तिच्याकडे गेलं. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि ते बीपीचं औषध झालं. पण तिने मन उदास होऊ शकतं, नाक चोंदतं, नाडी मंदावते. सासूबाई गेल्या त्यानंतर मला उदासीचा त्रास झाला होता. तो त्यांनी आधीच विचारून ठेवला होता. म्हणून नाही. आमचे फिजिशियन याच बाबतीत एकदा मेटफॉर्मिनचं सांगत होते, की त्याचं मूळही युरोपातल्या गॅलेगा नावाच्या झाडात आहे. त्या झाडातलं मूळ द्रव्य विषारी होतं, त्यावरून पुढे सुरक्षित औषध तयार झालं. जी वनस्पती काम करते ती इजाही करू शकते, हे दोघंही एकाच सुरात सांगतात, आणि मला दोघांवर विश्वास ठेवायला म्हणूनच सोपं गेलं. बागेतली गुळवेल तोडून रोज काढा पिणाऱ्या माझ्या मैत्रिणींसाठी हे मुद्दाम लिहिते आहे. गुळवेलीने यकृताला इजा झालेले रुग्णही डॉक्टरांनी नोंदवले आहेत.

परिणाम. यांचं तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचं एचबीएवनसी ८.३ वरून ७.१ वर आलं आहे, आणि ग्लिमेपिराइड निम्मं असताना. वजन उतरलं, पायांची आग कमी झाली. माझं ६.१ वरून ५.८, म्हणजे अजून काठावरच, कारण ५.७ च्या खाली गेल्याशिवाय ते सामान्य धरत नाहीत. बीपी सकाळचं आता बहुतेक १३० च्या आसपास असतं. यातलं किती औषधाने झालं आणि किती साडेसातच्या जेवणाने? मी वैद्यबाईंनाच विचारलं. म्हणाल्या, मोठा वाटा जेवणाची वेळ, जव आणि सुरसागरची फेरी यांचा आहे, चूर्णाचा वाटा छोटा आहे. स्वतःच्या औषधाचा वाटा छोटा सांगणारा माणूस मला पुन्हा भेटावासा वाटतो. आपल्या देशात २०२३ मध्ये छापून आलेल्या मोठ्या पाहणीत दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे असं निघालं. इतक्या लोकांना आयुष्यभर सांभाळायचं असेल तर असे दवाखाने गल्लोगल्ली हवेत, आणि ते आपापल्या डॉक्टरांशी बोलणारे हवेत.

खर्चाचं सांगते. पहिल्या भेटीची फी ५००, नंतर २००. औषधांचा दोघांचा मिळून महिन्याचा खर्च ९०० ते १२०० च्या दरम्यान. वरच्या मजल्यावर पंचकर्माची खोली आहे. बस्तीबद्दल (औषधी एनिमा) त्यांनी एकदा विचारलं, आम्ही नको म्हटलं, विषय तिथेच संपला. पॅकेज, ॲडव्हान्स, 'आज भरलं तर सूट' असलं काही नाही.

उणिवा आहेतच. अपॉइंटमेंट देत नाहीत, नंबर लागेल तसं बसावं लागतं, आणि सोमवारी ओटल्यावर बसायलाही जागा नसते. चूर्ण साध्या प्लास्टिकच्या डबीत मिळतं. पावसाळ्यात त्याचे गोळे होतात, त्यामुळे घरी आणल्यावर काचेच्या बरणीत काढून ठेवावं लागतं. हे मी दोनदा सांगितलं, अजून बदललेलं नाही. दाराला दोन उंच पायऱ्या आहेत आणि कठडा नाही. गुडघे धरणाऱ्यांना हाताला धरून चढवावं लागतं. वैद्यबाई एकट्याच आहेत, त्या गावाला गेल्या की दवाखाना बंद. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवलेले त्या बघतात, पण उत्तर रात्री उशिराच येतं.

कोणी इथे आधी जाऊ नये तेही लिहिते. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेले, गरोदर बायका, पायाला चिघळलेली जखम असलेले, छातीत दुखणारे, अचानक वजन उतरणारे. अशा लोकांनी आधी इस्पितळ गाठावं. वैद्यबाई स्वतःही त्यांना तिकडेच पाठवतात, मग एक फेरी वाया जाते.

जाणार असाल तर मागच्या वर्षभराचे सगळे रिपोर्ट, चालू गोळ्यांची पानं (नुसती नावं सांगून चालत नाही, पानंच बघतात) आणि आठवडाभर काय खाल्लं त्याची खरी यादी न्या. कपाटातली इतर आयुर्वेदिक चूर्णं, लेहं, काढे असतील तर तेही पिशवीत घाला. तेही तपासून त्या काय ठेवायचं ते लिहून देतात. वेळ सकाळी नऊ ते बारा आणि संध्याकाळी पाच ते आठ, गुरुवारी संध्याकाळी आणि रविवारी बंद. बोळात स्कूटरसुद्धा कशीबशी मावते, गाडी रावपुऱ्याकडे कुठे जागा मिळेल तिथे लावून चालत यावं. कार्ड घेत नाहीत, यूपीआय चालतं.